कुठला डायनोसॉर? नाव काय त्याचं?

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा चौथीत, सेमी-इंग्रजी शाळेत. हुशार आहे, वाचतोही भरपूर, पण फक्त डायनोसॉर. जेवताना, अंघोळीला, लोकलमध्ये, सगळीकडे तोच विषय. मराठीच्या पुस्तकातली कविता काढली की मात्र त्याचं पोट दुखायला लागतं. सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना ढीगभर कविता तोंडपाठ आहेत. नातवाने रोज संध्याकाळी एक कविता म्हणून दाखवावी असा त्यांचा आग्रह. नातू हल्ली त्या वेळेला त्यांच्या खोलीकडे फिरकत नाही. 'डायनोसॉरने पोराचं डोकं खाल्लंय,' असं आजोबांचं मत झालं आहे. आईंनी एक कविता पाठ केली की एक खेळण्यातला डायनोसॉर, असं कबूल करून पाहिलं. दोन कविता झाल्या, तिसऱ्या कवितेला चिरंजीवांनी रिमोटवर चालणारा टी-रेक्स मागितला. मग त्यांनी इंटरनेटवर शोधून डायनोसॉरची एक बालकविता आणली. त्यातला डायनोसॉर दप्तर घेऊन शाळेत जातो आणि नाचतो. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठला डायनोसॉर? नाव काय त्याचं?" आता २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची पाठांतर स्पर्धा आहे आणि वर्गाच्या बाईंनी त्याचं नाव घातलं आहे. आईंचे प्रश्न असे : डायनोसॉरचं वेड कमी करावं का? की त्याचाच वापर करून कवितेची गोडी लावता येईल? आणि स्पर्धेचं काय करायचं?

ताई,

मुलाचा तो प्रश्न तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलाय. एवढ्या हौसेने कविता शोधून आणली आणि हा खुसपट काढतो. मला मात्र अख्ख्या पत्रात तोच भाग सगळ्यात आशेचा वाटला. त्या कवितेतला डायनोसॉर काढून हत्ती घातला असता, ससा घातला असता, तर काय बिघडलं असतं? दप्तर तेच, नाच तोच. तुमच्या मुलाला हे एकदा ऐकूनच कळलं. तो ट्रायसेराटॉप्स असता तर वर्गाच्या दारात त्याची शिंगं अडकली असती. स्टेगोसॉरस असता तर पाठीवर दप्तर अडकवायला जागाच नव्हती. लिहिणाऱ्याला यातलं काही सुचलं नाही, कारण त्याने आपला डायनोसॉर नीट बघितलाच नव्हता. चौथीतल्या पोराने ही चोरी पकडली, आणि घरात आपण ठरवून बसलोय की याला कवितेचं वावडं आहे.

त्याला कविता आवडत नाही, असं तुम्ही म्हणता. तुमच्या पत्रातून मला दिसतं ते एवढंच, की त्याला कविता म्हणून दाखवायला आवडत नाही. ठरलेल्या वेळी, मराठीच्या सरांसमोर (घरात असले तरी ते सरच), चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ही हजेरी झाली. तुम्हाला-मला कुणी रोज सात वाजता उभं करून गाणं म्हणायला लावलं तर आपणही सात वाजता दळण आणायला बाहेर पडू.

पाठांतर कच्चं आहे म्हणावं, तर तेही नाही. आजोबांना एकदा 'पॅकिसेफॅलोसॉरस' न अडखळता म्हणायला सांगा. नातू ते जिना उतरता उतरता म्हणत असणार. अशी नावं ओळीने म्हणताना त्याला जी गंमत वाटते, तीच आजोबांना 'श्रावणमासी हर्ष मानसी' म्हणताना वाटते. नादाची, जिभेला लागणाऱ्या चढ-उतारांची. त्याच्या कानाला आणि जिभेला काही झालेलं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डायनोसॉरचा वापर करून कवितेची गोडी लावता येईल का? येईल, पण त्यातलं 'वापर करून' तेवढं डोक्यातून काढावं लागेल. खेळण्यांचा सौदा तुम्ही करून बघितलात, त्यात मुलगा तुमच्यापेक्षा पक्का व्यापारी निघाला. नाचऱ्या डायनोसॉरची कविता हाही सौदाच होता, जरा गोड बोलून केलेला. आपल्या आवडीच्या गोष्टीआडून मोठी माणसं अभ्यासाकडे नेतायत याचा मुलांना लगेच सुगावा लागतो. मग अभ्यास नको होतोच, वर ती आवडीची गोष्टही परकी होते. क्रिकेटवेड्या पोराकडून धावांच्या सरासरीची गणितं सोडवून घ्यायला लागा, पुढचा सामना तो शेजाऱ्यांकडे जाऊन बघेल. डायनोसॉर हा सध्या तुमच्या मुलाचा मुलूख आहे. घरात हा एकच विषय असा आहे जिथे तो जाणकार आणि बाकी सगळे अडाणी. हे वेड कमी करायच्या भानगडीत पडू नका आणि तिथे कवितेची शाखा उघडायलाही जाऊ नका.

करायचं ते उलट. कविताच त्याच्या कामाला जुंपायची. त्याला डायनोसॉरबद्दल सतत काहीतरी सांगायचं असतं आणि घरात कुणी धड ऐकत नाही. (लोकलमध्ये 'हो का? अरे वा' म्हणत आपण स्टेशन कुठलं आलं ते बघत असतो.) कोडं, अभंग, पोवाडा, ही सगळी सांगण्याचीच साधनं आहेत. ज्याच्याकडे सांगण्यासारखा माल आहे त्याला ती आवडतात. तुमच्या मुलाकडे गोदाम भरलंय.

सुरुवात कोड्यांनी करा. सासरे शिक्षक आहेत, त्यांना जुनी कोडी नक्की येत असतील. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' म्हणजे चांदण्या आणि चंद्र. 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब' म्हणजे मक्याचं कणीस. अशी चार-पाच ओळखून झाली की कुणीतरी सहज म्हणायचं, डायनोसॉरचं घालता येईल का रे? पहिलं तुम्हीच घाला, वाकडंतिकडं झालं तरी चालेल. 'पाठीवर वाळत घातले पापड, जवळ याल तर शेपटीची थापड.' तो स्टेगोसॉरस ओळखेल आणि लगेच सांगेल की पापड नाहीत, ती हाडाची तकटं असतात. सांगू दे. मग त्याने घालायचं, आजोबांनी ओळखायचं. नियम एकच ठेवा, उत्तर एकच निघालं पाहिजे. 'चार पाय, लांब शेपूट' यावर पन्नास उत्तरं येतात, म्हणून ते कोडं बाद. कुणाचंच नसेल असं काहीतरी शोधायला तो आपणहून लागेल. नाचऱ्या डायनोसॉरच्या कवितेत नेमकं हेच नव्हतं. याला उपमा म्हणतात, रूपक म्हणतात, हे कुणी मध्येच सांगू नये. आजोबांच्या जिभेवर येईल, त्यांना डोळ्यांनी खुणवा.

कोडी चार-आठ दिवस चालली की अभंग. दचकू नका, भक्तीचा नाही म्हणत मी, अक्षरांचा म्हणतेय. 'सुंदर ते ध्यान' घ्या आणि बोटांवर मोजा. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. मोठ्या अभंगाचा हा साचा मराठीत सातशे वर्षं चालत आलाय, आणि तो शिकायला कागद-पेन्सिलही लागत नाही. गाथेत एखादं अक्षर कमीजास्त सापडतं, तेव्हा घरीही फार ताणू नका.

आता यात डायनोसॉरची नावं बसवून बघा. ट्रा-य-से-रा-टॉ-प्स, बरोबर सहा! अँकिलोसॉरस सहा. ब्रॅकिओसॉरस सहा. टायरॅनोसॉरस सातचा निघतो, बसत नाही; त्याला 'टी-रेक्स' करून आत घ्यावा लागतो, म्हणजे तीन. कुठला डायनोसॉर अभंगात बसतो आणि कुठला बाहेर राहतो, एवढ्या शोधात एक रविवार जाईल. मग समजा आजोबांनी जुळवलं :

ट्रायसेराटॉप्स । तीन शिंगांवाला ।
कोणी नाही त्याला । भिडणारा ॥

झकास जमलंय. अक्षरं बरोबर, 'वाला'ला 'त्याला' जुळलेलं. पण तुमचा मुलगा हे चालू देणार नाही. तो म्हणेल, साफ चूक, टी-रेक्स भिडायचा, ट्रायसेराटॉप्सच्या हाडांवर त्याच्या दातांच्या खुणा सापडल्यात. इथे मोठी माणसं हमखास म्हणतात, 'अरे, कवितेत चालतं एवढं.' तसं म्हणू नका. त्याला म्हणा, मग दुरुस्त कर, पण सहा अक्षरांत. तो बोटं मोजेल, खोडेल, पुन्हा मोजेल, जेवण गार होईल. आणि कधीतरी निघेल :

ट्रायसेराटॉप्स । तीन शिंगांवाला ।
टी-रेक्सच त्याला । भिडणारा ॥

या खोडाखोडीत मुलाने जे केलं तेच कवी करतात. खरं आहे ते सोडायचं नाही, लय मोडायची नाही, आणि दोन्ही सांभाळणारा शब्द सापडेपर्यंत उठायचं नाही. एका दुरुस्तीत तो हे शिकला. शाळेतल्या रसग्रहणाच्या तासाला हे जमतं का, हा प्रश्न मी सासऱ्यांवर सोडते.

नंतर एखादा तो एकटाच जुळवेल. कदाचित असा :

मान गेली पुढे । ढगांच्या घरात ।
शेपूट दारात । अजूनही ॥

ही मीच जुळवलीय, पण मुलं अशा जुळवतात. यावर टाळ्या वाजवून शेजाऱ्यांना बोलावू नका. 'हा ब्रॅकिओसॉरस ना रे?' एवढंच विचारा. वहीत लिहिलं तर शुद्धलेखन तपासायचं नाही. 'शेपुट' लिहिलं असलं तरी ते त्या दिवशी तसंच राहू द्या.

सासऱ्यांबद्दल दोन शब्द. डायनोसॉर म्हणजे सिनेमातलं, परदेशातलं काहीतरी थोतांड, असं त्यांना वाटत असेल तर नकाशा काढून बसा. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड सापडतात. शब्दशः शेण, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं. त्याचा अभ्यास झाला तेव्हा त्यात गवताचे सूक्ष्म सिकता-कण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे वाळूसारखे कण, मिळाले. २००५ साली हे जाहीर झालं. तोवर समज असा होता की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतंच, ते फार नंतर आलं. विदर्भातल्या शेणाने तो मोडला. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडलेल्या मांसाहारी डायनोसॉरला २००३ मध्ये नाव दिलं गेलं 'राजासॉरस नर्मदेन्सिस', डोक्यावर एक शिंग असलेला. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि सह्याद्रीचा जो काळा कातळ आजोबांनी उमेदीत तुडवला असेल, तो डायनोसॉर संपले त्याच सुमाराच्या लाव्हाचा आहे. हरिश्चंद्रगडाचा कडा त्याच कातळाचा.

चौथीतल्या मुलासाठी डायनोसॉरच्या शेणाहून चांगला कवितेचा विषय मला तरी सुचत नाही. शी-शूवर मुलं आपणहून कविता करतातच, आपण ओरडतो म्हणून आपल्याला त्या ऐकायला मिळत नाहीत. पिसदुऱ्याच्या शेणावर चार ओळी झाल्या तर आजोबांनी नाक मुरडू नये, ही विनंती. आणि आवाज लावता येत असेल तर राजासॉरसचा पोवाडा त्यांनीच उचलावा. अफझलखानाच्या वधाचा आणि सिंहगडाचा पोवाडा त्यांनी वर्गात शिकवला असणार. नर्मदेकाठचा एकशिंगी राजा, ढासळणारं आभाळ, दऱ्या भरत येणारा लाव्हा, यात वीररसाला काय कमी आहे? 'जी जी रं जी'ला नातू आणि तुम्ही.

इथपर्यंत सगळं झालं ते मुलाच्या विषयावर. मराठीतल्या जुन्या, चांगल्या कविता त्याच्यापर्यंत पोचणार कशा, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असेल. त्याच वाटेने पोचतात, पण कुठली कविता त्याच्या वाटेवर आहे ते आपल्याला शोधावं लागतं. आज कुठलाही डायनोसॉरवेडा मुलगा तुम्हाला सांगेल की पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज. मग त्याला बहिणाबाई द्या.

अरे, खोप्यामधी खोपा
सुगरणीचा चांगला
देखा पिलासाठी तिनं
झोका झाडाला टांगला

आधी नुसतं वाचा, मोठ्याने, एकदाच. अर्थ विचारू नका. तो बहुधा दोन गोष्टी बोलेल. पहिली, हे चूक आहे, खोपा नर विणतो. खरं आहे. सुगरणीच्या जातीत नर अर्धा खोपा विणून लोंबकळत मादीची वाट बघतो, तिला पसंत पडला तरच पुढचं काम पुरं करतो. बहिणाबाईंची बाजू घेऊ नका. घरातल्या घरात खटला चालू दे. बहिणाबाईंनी असं का म्हटलं असेल, हे त्याला ठरवू दे. खानदेशातली शेतात राबणारी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या तोंडाने म्हणायची आणि मुलाने त्या उतरवून ठेवल्या, एवढं त्याला माहीत असू द्या. बाकी तो बघेल. त्याला सुगरण नराच्या तोंडून उत्तर लिहावंसं वाटलं, तर ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत. पॅकिसेफॅलोसॉरसही आठच अक्षरी आहे, हे तो तुमच्याआधी मोजेल.

दुसरी गोष्ट पुढच्या ओळींवर. 'तिची उलीशीच चोच, तेच दात, तेच ओठ.' डायनोसॉरच्या तोंडात दात होते. पक्षी होता होता ते गेले आणि चोच उरली, हे त्याने कुठेतरी वाचलं असेल. बहिणाबाईंनी हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. चोच काय काय काम करते ते त्यांनी झाडाखाली उभं राहून बघितलं होतं. नीट बघणाऱ्या दोन माणसांची ही गाठ आहे, यात आपण मध्ये पडायचं कारण नाही.

राक्षसी गोष्टींचीच आवड असेल तर मुक्ताबाई आहेत. 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी.' आणि त्याच अभंगात 'माशी व्याली, घार झाली.' याचा अध्यात्मातला अर्थ आजोबांना ठाऊक असेल. तो त्यांनी नातू मोठा होईपर्यंत खिशात ठेवावा. सूर्य गिळणारी मुंगी किती मोठी असेल आणि तिला सहा पायांवर उडी मारायला किती जागा लागेल, याची चर्चा सध्या पुरे.

'अर्थ कळला का?' हा प्रश्न तुमच्या घरात महिनाभर बंद ठेवता आला तर ठेवा. आणि काही कविता त्याला आवडणारच नाहीत, हेही मान्य करा. 'औदुंबर' नवव्या वर्षी नाही भिडली तर तिचं किंवा त्याचं काही नुकसान होत नाही. मोठ्यांना आवडणारी कविता मुलाला आवडली नाही की आपण मुलाला नापास करतो. पुस्तकांच्या दुकानात मात्र आपण स्वतः दहा पुस्तकं चाळून नऊ परत ठेवतो.

आता स्पर्धा. तीन वाटा आहेत. नाव काढून घेणं, बाईंनी दिलेली कविता घोकून घेणं, किंवा बाईंना भेटून कविता बदलता येईल का विचारणं. नाव लगेच काढू नका. आपल्याला जमत नाही म्हणून काढलं असा त्याचा समज होईल. घोकून घेतलीत तर २७ तारखेला कदाचित बक्षीसही मिळेल, आणि २८ तारखेपासून पुन्हा पोटदुखी. तेव्हा बाईंना भेटा. बहुतेक बाईंना वर्गातली पंधरा मुलं एकच कविता म्हणणार याचा स्वतःलाच कंटाळा आलेला असतो. खोप्याची कविता म्हणू दे का, असं विचारलंत तर नाही म्हणायचं काही कारण दिसत नाही, मराठी भाषा दिनाला बहिणाबाई चालणार नाहीत तर कोण चालणार? नियमात बसत नसेल तर दिलेली कविता म्हणायची की नाही, हे मुलाला ठरवू द्या. तो नाही म्हणाला तर ते 'नाही' राहू द्या, त्यावर रिमोटचा टी-रेक्स लावू नका. आणि तो म्हणायला उभा राहिलाच तर हातवारे बसवून घेऊ नका. झाड म्हटलं की दोन्ही हात वर, पक्षी म्हटलं की फडफड, ही शिक्षा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालू आहे.

संध्याकाळच्या हजेरीचं सासऱ्यांना तुम्ही सुनेने सांगणं अवघड आहे, हे समजतं. यजमानांना सांगायला सांगा, किंवा सांगूच नका, भूमिका तेवढ्या बदला. महिनाभर आजोबा विद्यार्थी. नातवाने रोज एक डायनोसॉर शिकवायचा, आजोबांनी त्याची अक्षरं मोजून तो अभंगात बसतो का ते सांगायचं. अभंग बसवणं घरात फक्त आजोबांना येतं, हे मुलाला दिसू द्या. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला विद्यार्थी व्हायला दोन दिवस जड जाईल, मग ते तुमच्या मुलापेक्षा जास्त रंगतील. आणि त्यांच्याकडे असलेल्या त्या कविता? त्या त्यांनी दाढी करताना, बाल्कनीत, स्वतःशी म्हणाव्यात, कुणाला ऐकवायच्या म्हणून नाही. मुलांचे कान दाराआड असतात.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी थोडं. मुलगी क्रिकेटवेडी असेल तर तिला समालोचन करू द्या, एका षटकाचं, सहा चेंडूंच्या सहा ओळी. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू आणि चेंडूफळीवरचे अभंग आहेत, खेळावर कविता करणं काही कमीपणाचं नाही. गडकिल्ल्यांचं वेड असेल तर दिवाळीत किल्ला करताना गडांची नावं लयीत बसवणं हाच खेळ पुरतो. लोकल, एसटी, ट्रॅक्टर, जेसीबी, यांचे आवाज मुलं आधीच काढत असतात. आवाज लिहून बघायला सांगा, गिअर बदलला की ओळही बदलली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकांना एवढंच सुचवेन की सगळ्या वर्गाला एक विषय देऊ नका. 'माझी आई' आणि 'पाऊस' यांना काही दिवस सुट्टी. ज्याच्या घरी शेळी व्यायलीय त्याने शेळीवर, ज्याचा भाऊ डीजे लावतो त्याने डीजेवर. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनी इंग्रजी नावं, जर्मन शब्द मध्ये आले तर अडवू नये. ट्रायसेराटॉप्स जर अभंगात बसतो तर स्केटबोर्डही बसेल, मोजून बघा.

ताजा कलममध्ये तुम्ही पुस्तकं विचारली आहेत. डायनोसॉरच्या कवितांचं पुस्तक शोधू नका, पुन्हा दप्तरवालाच भेटेल. बहिणाबाईंची गाणी घरात असू द्या. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी लिहिताना प्राणिसंग्रहालय, सर्कस, भुतं असे मुलांचेच विषय घेतले. 'राणीची बाग' आणि 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ' मिळाली तर आणा, पण हातात देऊ नका, दिवाणावर पडलेली असू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात कविता आणि विज्ञान शेजारी-शेजारी असतं, हे तुमच्या घराला सोयीचं आहे.

आणि खेळण्यांसाठी बाजूला काढलेले पैसे उरलेच असतील, तर मे महिन्याच्या सुट्टीत गुजरातला जा. बालासिनोरजवळ रैयोलीला, राजासॉरसची हाडं जिथे सापडली तिथेच, जीवाश्मांचं उद्यान आणि संग्रहालय केलेलं आहे. अहमदाबादहून रस्त्याने जाता येतं. ऊन फार असतं, आजोबांना न्यायचं असेल तर दिवाळीची सुट्टी बरी. परत आल्यावर 'माझा प्रवास' या विषयावर निबंध मात्र लिहून घेऊ नका.